फिटनेस वॉच खरं बोलतंय का, ते घरच्या घरी कसं तपासायचं

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी बसलात तर हे ऐकू येणारच, दोघं सोबत चाललेत, एकाच्या घड्याळात सहा हजार पावलं आणि दुसऱ्याच्या सात, मग कोणाचं महागाचं यावर वाद. अहो पण दोन घड्याळं एकमेकांशी ताडून काय कळणार, दोन्ही चुकीची असू शकतात ना. खात्रीचं असं तिसरं काहीतरी लागतं. आपण स्वतः मोजलेली पावलं, आखलेला ट्रॅक, बोटाखालची नाडी.

जुनी घड्याळं जमवणाऱ्यांना हे सवयीचं आहे. चावीचं एचएमटी जनता हाती आलं की पूर्ण चावी द्यायची, मोबाइलच्या वेळेशी लावायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला किती सेकंद पुढे किंवा मागे ते वहीत लिहायचं. सीओएससी या घड्याळं तपासणाऱ्या स्विस संस्थेचं क्रोनोमीटर (म्हणजे अचूक घड्याळ) सर्टिफिकेट मिळायला दिवसाची सरासरी चूक -४ ते +६ सेकंदांत बसावी लागते, तेव्हा जुनं जनता अर्धा मिनिट मागे पडलं तर मी तरी त्याला नावं ठेवणार नाही. (चोरबाजारातून घेणार असाल तर तबकडी नव्याने रंगवलेली नाही ना ते आधी बघा. असल्या मालाला बाहेरचे कलेक्टरसुद्धा ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, घ्या!) फिटनेस वॉचलाही हीच वही लावायची.

आधी सेटिंग. उंची, वजन, वय, कुठल्या हातात घालता ते ॲपमध्ये नीट भरा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, सैल नको आणि रक्त अडेल इतका घट्टही नको. दोन वॉच ताडायची असतील तर एकेका हातात एकेक घाला आणि दुसऱ्या दिवशी हात बदला, कारण उजव्या-डाव्या हाताची हालचाल सारखी नसते.

मग पावलं. मनात मोजत ५०० चाला आणि आकडा बघा. ५२० दाखवले तर जास्तीचे २० भागिले ५०० गुणिले १००, म्हणजे ४ टक्के चूक, एवढंच गणित आहे. आता तेच ५०० दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन चाला, गंमत इथे कळते, वॉच हाताच्या हलण्यावरून पावलं ओळखतं त्यामुळे हात गप्प राहिला की बरीच पावलं गायब होऊ शकतात. उलटी टेस्ट लोकलमध्ये. सीट मिळाली तर चर्चगेटला आकडा लिहा, बोरिवलीला उतरायच्या आधी परत बघा, बसल्या बसल्या किती पावलं चाललात ते कळेल. आणि रोज १०,००० चं टेन्शन घेऊ नका, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय.

अंतरासाठी ४०० मीटरचा ट्रॅक शोधा. सगळ्यात आतल्या लेनमध्ये दहा फेऱ्या म्हणजे ४ किलोमीटर, लेन सोडायची नाही, कारण दुसऱ्या लेनमध्ये फेरीमागे साडेसात मीटरच्या आसपास वाढतात. सुरू करायच्या आधी उघड्यावर उभं राहून जीपीएस लागू द्या, बरेच जण इथेच घाई करतात. त्यानंतर मरीन ड्राइव्हला एकदा आणि लोअर परळच्या टॉवरांमधून एकदा चाला आणि मॅपवरची रेष बघा. उंच बिल्डिंगांवर सिग्नल आपटून येतो म्हणून टॉवरांमध्ये रेष वेडीवाकडी होते, कधी तर तुम्ही लोकांच्या पार्किंगमधून गेल्यासारखी दिसते. ड्युअल बँडवालं, म्हणजे जीपीएसचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर पकडणारं वॉच असेल तर हा फरक साधारण कमी होतो.

हार्ट रेटला जरा जास्त वेळ द्या. पाठीमागचे हिरवे लाइट कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतात, छातीचा पट्टा मात्र हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो, म्हणून ताडायला तो चांगला. नसेल तर पाच मिनिटं शांत बसा, दोन बोटांनी नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. बसल्या जागी बहुतेक वॉच पास होतात. खरी परीक्षा म्हणजे तीन-चार मजले जिने भराभर चढणं (गुडघे आणि हृदय ठीक असेल तरच), वॉच मागून हळूहळू वर येतं की लगेच, ते बघायचं. पळताना आकडा एकदम १७० वर जाऊन चिकटला आणि तुम्ही मात्र आरामात गप्पा मारताय, तर वॉच ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजत असण्याची शक्यता जास्त, पट्टा आवळा आणि परत बघा. मनगटावर टॅटू असेल तरी गडबड होते. फारच स्वस्तातलं असेल तर केळ्याला बांधून बघा, केळ्याचे ठोके आले तरी लगेच परत करायला धावू नका, चांगली वॉचसुद्धा कधी कधी फसतात.

कॅलरीचं काय? सोडून द्या. स्टॅनफर्डने २०१७ मध्ये सात वॉच तपासली, त्यातल्या सहांचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत होता, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं होतं तेसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. त्या आकड्यावर वडापाव खाऊ नका. झोपेचंही तसंच, किती वाजता झोपलात-उठलात ते ठीक, गाढ झोप किती ते अंदाजच.

प्रत्येक टेस्ट वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा करा. दर वेळी ४ टक्केच जास्त दाखवणारं वॉच चालेल, वजा करून घेता येतं, आज २ आणि उद्या १५ दाखवणाऱ्याचं काय करणार? आणि सॉफ्टवेअर अपडेट आला की ट्रॅकवरच्या दहा फेऱ्या परत मारा, अपडेटनंतर आकडे बदलू शकतात.