टावी करायचं ठरलंय? मग सीटी रिपोर्टमधलं कॅल्शियम आधी नीट वाचा

आमच्या मामांचं टावी (हृदयातल्या आखडलेल्या अऑर्टिक व्हॉल्वमध्ये छाती न उघडता नवीन व्हॉल्व बसवणं) ठरलं तेव्हा घरात सगळे एकच आकडा घेऊन बसले होते, कॅल्शियम स्कोअर ३ हजाराच्या वर, म्हणजे आता काय. मी पण तेच करत होतो. नंतर कळलं की नव्या व्हॉल्वच्या कडेने रक्त लीक होण्याचा प्रश्न असेल तर आकड्यापेक्षा कॅल्शियम बसलंय कुठे ते आधी बघायचं असतं.

थोडं मागचं सांगतो. टावीत जुना व्हॉल्व काढत नाहीत, बायपाससारखी छाती उघडून तो कापून टाकायचा प्रकार इथे नाही, मांडीतल्या नसेतून नवीन व्हॉल्व नेतात आणि जुन्याच्या आतच फुलवतात (२००२ साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी हे पहिल्यांदा केलं). आता बोअरच्या पाण्याचा नळ आठवा, क्षार धरलेल्या तोटीत कोरा वॉशर घातला तरी कडेने थेंब येतोच ना? तसंच इथे, कॅल्शियमच्या खड्यामुळे नवीन व्हॉल्व भिंतीला सगळीकडून चिकटत नाही आणि त्या फटीतून रक्त मागे येतं. याला पॅराव्हॅल्व्ह्युलर लीक म्हणतात, रिपोर्टमध्ये पीव्हीएल.

तर रिपोर्ट हातात आला की काय बघायचं. स्कोअर आधी बघा पण त्यात अडकू नका, तो मुळात व्हॉल्व किती आकुंचलाय हे ठरवायला असतो, साधारण पुरुषांत २००० आणि बायकांत १२०० च्या वर गेला की आजार सिव्हिअर असण्याची शक्यता जास्त धरतात. बायकांचा आकडा कमी दिसला म्हणून खूश होऊ नका, त्यांच्यात कमी कॅल्शियमवरही व्हॉल्व तेवढाच आखडू शकतो.

मग एलव्हीओटी हा शब्द शोधा. म्हणजे व्हॉल्वच्या लगेच खालची, हृदयातून रक्त बाहेर पडायची वाट. इथे कॅल्शियम आहे असं लिहिलं असेल, त्यातही ते एकाच बाजूला गाठीसारखं आत आलेलं असेल, तर डॉक्टरांना थांबवून विचाराच. मामांच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं होतं, काळ्या-करड्या चित्रात हरभऱ्याएवढा पांढराशुभ्र ठिपका, म्हणाले भीती याची आहे, बाकी जुन्या व्हॉल्वच्या पाकळ्यांवरचं सगळीकडे सारखं पसरलंय ते नवीन व्हॉल्व दाबून बाजूला सारतो. व्हॉल्व जन्मापासून दोन पाकळ्यांचा असेल तर तेही विचारा, त्यात नवीन व्हॉल्व नीट गोल बसायला अडचण येऊ शकते.

डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, सीटीची सीडी न्या. आणि हे विचारा: रिंगचं (नवीन व्हॉल्व जिथे बसतो त्या गोल कडेचं) माप सीटीवरच घेतलंय ना, कुठला व्हॉल्व बसवणार, बलूनने फुलणारा की आपोआप उघडणारा, त्याला बाहेरून सील करणारा स्कर्ट आहे का (नव्या पिढीच्या बऱ्याच व्हॉल्वना असतो आणि त्यामुळे लीक बरंच कमी झालंय). शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, लीक राहिलं तर काय करणार? बहुतेक वेळा उत्तर येतं की आतून परत बलून फुगवू. ठीक आहे, पण एलव्हीओटीत खडा असताना जास्त जोर लावला तर रिंग फाटू शकते, क्वचित होतं पण झालं तर जिवावर बेततं, म्हणून कधीकधी डॉक्टर थोडं लीक तसंच सोडतात आणि ते हलगर्जीपणा नसतो. आम्हाला हे आधी माहीत असतं तर लीक राहिलंय हे कळलं त्या रात्री मामीने एवढं रडून घेतलं नसतं.

घरी आल्यावर इकोची फाइल वेगळी ठेवा. डिस्चार्जच्या आधीचा, महिन्याचा, मग वर्षाचा, तिन्हीत पीव्हीएलपुढे काय लिहिलंय ते शेजारी शेजारी ठेवून बघा. ट्रेस किंवा माइल्ड असेल तर बहुतेकदा फक्त लक्ष ठेवतात, आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्वमध्ये ते पुढच्या काही महिन्यांत कमीही होऊ शकतं. मॉडरेट किंवा त्याच्या वर असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, अशा पेशंटमध्ये पुढे जिवाला धोका वाढतो हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. जिना चढताना परत दम लागणं, रात्री उशीला उशी लावून झोपावं लागणं, पायाला सूज, आणि एक जे कुणी सांगत नाही, लघवी चहासारखी गडद होणं, कारण फटीतून जोरात जाणारं रक्त आपटून लाल पेशी फुटू शकतात. यातलं काही दिसलं तर फोन करा. फट एकाच जागी असेल तर नळीतूनच तिथे प्लग बसवता येतो, परत छाती उघडावी लागेलच असं नाही.