सप्टेंबरात अल्गॉन्क्विनला जाताय? या चुका टाळा

‘अख्खा वीकेंड फिरलो, खारींशिवाय काही दिसलं नाही.’ ऑगस्ट संपत आला की टोरंटोच्या मराठी मंडळींकडून हे वाक्य दर वर्षी ऐकते. अल्गॉन्क्विन म्हणजे कॅनडातल्या ओंटारियोतलं साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं पार्क, दोन हजारांवर तळी, आणि काहीच दिसलं नाही? खोदून विचारलं की कळतं: नाश्ता करून निवांत निघाले, अकरा-साडेअकराला गेटवर पोचले, दिवसभर पार्कमधून जाणाऱ्या हायवे 60 वर गाडी पुढे-मागे फिरवली आणि अंधार पडायच्या आत परत निघाले. पहाट आणि तिन्हीसांज या प्राण्यांच्या दोन्ही वेळा हातच्या गेल्या.

मे महिन्यातला सल्ला सप्टेंबरात वापरणं

‘मूस रस्त्याच्या कडेला हमखास दिसतो’ हे खरं आहे, पण मे-जूनपुरतं. (मूस म्हणजे हरणांतला सगळ्यात मोठा प्राणी.) हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ कडेच्या चरांत साठतं. थंडीभर काटक्या चावून काढलेल्या मूसच्या अंगात सोडियम उरलेलं नसतं, म्हणून ते हे खारं पाणी प्यायला येतात. ऐन उन्हाळ्यात तीच भूक ते तळ्यातल्या पाणवनस्पतींवर भागवतात. ऑगस्ट सरताना तेही ओसरतं आणि मूस झाडीत शिरतात. तेव्हा सप्टेंबरात रस्ता सोडा. मी मिझी लेकची पायवाट धरते. वाटेत नऊ छोटीमोठी तळी लागतात, कुत्र्यांना बंदी आहे. पूर्ण फेरीला दिवस जातो आणि तो द्यावाच लागतो. ‘तासाभरात होणारं काही सांगा’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

आणि दिसलाच, तर गाडीतून उतरून त्याच्याकडे चालत जाऊ नका. सप्टेंबरच्या मध्यापासून नर माजावर येतात. साडेचारशे-पाचशे किलोंचा तो प्राणी कान मागे पाडून, मानेवरचे केस उभे करून बघायला लागला, की फोटो विसरायचा आणि मागे सरकत एखादं जाड झाड मध्ये घ्यायचं. पोरांना खांद्यावर बसवून पुढे जाणारे बाप बघितले की माझा संताप होतो.

लूनच्या मागे कॅनो लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांबरोबर एका लहान तळ्यावर होते. भाड्याच्या कॅनो, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होड्या, बहुतेकांची पहिलीच वेळ. समोर लूनची, म्हणजे बुड्या मारून मासे पकडणाऱ्या पाणपक्ष्यांची जोडी आणि त्यांचं एकच पिल्लू. पिल्लू अंगानं आईबापाएवढं झालेलं, पण रंग राखाडी-तपकिरी, पाठीवर खवल्यांसारखी फिकट नक्षी. पुढच्या दोन कॅनो सरळ त्यांच्यावर निघाल्या. एका पक्ष्यानं थरथरत्या आवाजात ओरडायला सुरुवात केली. ‘हसतोय बघ, हसतोय!’ म्हणून सगळे खूश, वल्ही आणखी जोरात. पण लूनचं ते ‘हसणं’ म्हणजे धोक्याचा इशारा असतो. मग तो पक्षी पाण्यावर ताठ उभा राहिला, पांढरी छाती पुढे, पाय मारत पाणी उडवायला लागला. फोन वर आले. पिल्लू बुडी मारायचं, श्वासापुरतं वर यायचं, कॅनो जवळ दिसली की पुन्हा बुडी.

मी ओरडूनच सगळ्यांना थांबवलं. लव्हाळ्यांच्या कडेला मागे नेलं, वल्ही आत घ्यायला लावली, बोलणं बंद. बऱ्याच वेळानं ओरडणं थांबलं. मग मोठा लून चोचीत चांदीसारखा मासा आडवा धरून वर आला. पिल्लानं मान खाली घालून तो चोचीतून काढून घेतला, पाण्यात पाडला, पुन्हा उचलला आणि डोक्याकडून गिळला. दुर्बिणीतून लाल डोळ्याची कडासुद्धा दिसत होती. पाठलागात यातलं काहीच दिसलं नसतं.

या दिवसांत पिल्लाला खायला मिळणं किती मोलाचं आहे हे लक्षात घ्या. ते साधारण अकरा-बारा आठवड्यांचं होईपर्यंत उडत नाही. मोठे लून आधी निघून जातात, पिल्लं मागाहून स्वतःच वाट काढत समुद्रापर्यंत पोचतात आणि दोन-तीन वर्षं तिकडेच राहतात. त्या प्रवासाची ताकद याच तळ्यात कमवायची असते. लूननं आवाज बदलला की तुम्ही फार जवळ आहात. मागे या.

ओसाड घरासमोर बीव्हरची वाट बघणं

बीव्हर हा कुरतडणारा प्राणी पाण्यात काटक्यांचा ढीग रचून घर करतो. तसा ढीग दिसला की लोक तिथेच बसतात. आधी ढीग नीट बघा. त्यावर गवत उगवलं असेल तर तिथे बहुधा कोणी राहत नाही. ओला चिखल लिंपलेला असेल, जवळ पांढऱ्या टोकांच्या ताज्या कुरतडलेल्या फांद्या असतील, तर सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन बसा. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे हवा. या दिवसांत बीव्हर बांध दुरुस्त करतो आणि तळं गोठण्याआधी फांद्या पाण्याखाली रचून ठेवतो, त्यामुळे तो दिसण्याची शक्यता चांगली असते. शेपटीचा फटका ऐकू आला म्हणजे त्यानं तुम्हाला ओळखलं. तेवढ्यावर उठू नका, हलला नाहीत तर बऱ्याचदा तो परत येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. कॅनोत बारा पट मोठं दाखवणारी दुर्बीण नेऊ नका, चित्र थरथरतं. आठ पट दाखवणारी 8×42 पुरे. वल्हं कॅनोच्या काठावर आपटू नका, शांत पाण्यावर तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो. स्पीकर घरी ठेवा. चिपमंकला (पट्ट्यांच्या छोट्या खारीला) चिवडा घालू नका. थंडीपूर्वी अस्वलं दिवसभर खात सुटलेली असतात, म्हणून रात्री तंबूत खाण्याचा कणही नको, टूथपेस्टसुद्धा नको. मासेमारीला शिशाची वजनं वापरू नका, ती गिळून लून मरतात. सुती हुडीवर पहाट काढता येत नाही. लोकरीची टोपी आणि एक जास्तीचा कोरडा थर पिशवीत टाका.

लांडग्यांची साद ऐकायला जाण्याचा पार्कचा कार्यक्रम 1963 पासून चालतो. तो ऑगस्टच्या गुरुवारी असतो, आणि आदल्या रात्री कर्मचाऱ्यांना लांडगे ऐकू आले तरच. महिनाभर आधी ठरवून हॉटेल बुक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: होणार की नाही ते त्याच दिवशी कळतं.