देश बदलला, राजवट बदलली की फक्त सरकार? ओळखायचं कसं

उत्तरपत्रिकेत 'नेपाळमध्ये सत्तांतर झाले' एवढंच वाक्य दिसलं की मी शेजारी लाल शाईने लिहिते: कसलं? इंदूरला राजेंद्रनगरात मी बी.ए.च्या मुलांच्या राज्यशास्त्राच्या शिकवण्या घेते. तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात मुलं अभ्यास कमी पडून फसत नाहीत, ती या एका घोळात फसतात.

वही आडवी धरा आणि चार रकाने पाडा. राज्यसंस्था: या भूभागावर हुकूम कुणाचा चालतो, कर कोण घेतं, पोलीस कुणाचे. राजवट: खुर्चीवर कोणत्या नियमाने बसायचं आणि कोणत्या नियमाने उठायचं. सरकार: सध्या बसलंय कोण. नागरिकत्व: इथलं म्हणून कुणाला मोजायचं. मग एखादी घटना तारखेसकट लिहा आणि प्रत्येक रकान्यात 'बदललं' किंवा 'तेच' एवढंच भरा. व्याख्या पाठ करायची घाई नको.

नेपाळच घेऊ. १ फेब्रुवारी २००५ला राजा ज्ञानेंद्रांनी सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला. सरकार बदललं, राजवटही बदलली, राज्यसंस्था तीच. २८ मे २००८ला संविधान सभेने राजेशाहीच रद्द केली. सीमा त्याच, नेपाळी माणूस नेपाळीच, पण सर्वोच्च पदावर बसायचा नियम पार उलटला; म्हणजे पुन्हा राजवट. त्यानंतर तिथे पंतप्रधान भराभर बदलत राहिले, त्यातले बहुतेक बदल सरकारच्या रकान्यात जातात. याउलट डिसेंबर १९९१मधला सोव्हिएत संघ: चारही रकान्यांत 'बदललं'. असं उदाहरण क्वचित मिळतं, म्हणून ते लक्षात ठेवा.

पहिल्या रकान्यापाशी मात्र थोडं थांबावं लागतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ साली सांगितलेली खूण सगळ्यांना येते: ठरावीक भूभागात बळ वापरण्याचा मान्य हक्क फक्त जिच्याकडे, ती राज्यसंस्था. देश कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराच्या चार अटीही येतात: कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. आता इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहून सांगा, होळकरांचं संस्थान राज्यसंस्था होतं का? पोलीस होळकरांचे, न्यायालयं होळकरांची, महसूल त्यांचा, टपालाच्या तिकिटावर चित्रही त्यांचंच. पण महिदपूरची लढाई हरल्यावर जानेवारी १८१८मध्ये मंदसौरचा तह झाला आणि परक्या सत्तांशी परस्पर बोलायचा हक्क गेला. वीसेक किलोमीटरवर महूला इंग्रजांची छावणी बसली, इंदुरातच रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानावर लक्ष ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची कचेरी, उभी राहिली. वेबरची खूण अर्धी लागू पडते, माँटेव्हिडिओची चौथी अट पडतच नाही.

मुलं विचारतात, मग उत्तर काय लिहायचं? 'अर्धसार्वभौम' लिहा आणि नेमकं कोणतं अर्धं नव्हतं तेही लिहा. शेजारच्या रकान्यात आफ्रिकेतला सोमालीलँड मांडा. १८ मे १९९१ला तो सोमालियातून वेगळा झाल्याचं जाहीर झालं. चलन स्वतःचं, पोलीस स्वतःचे, निवडणुकाही होतात, पण संयुक्त राष्ट्रांत जागा नाही. होळकरांना तहाने बांधलं होतं, सोमालीलँडची अडचण मान्यतेची. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे आतला कारभार आहे आणि बाहेरचा उंबरठा बंद. तुलना म्हणतात ती हीच. दोन देशांची माहिती एकाखाली एक लिहिणं म्हणजे तुलना नव्हे, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मुलं तेच करतात.

राजवट ओळखायला 'निवडणूक होते का' हा प्रश्न पुरत नाही. मेक्सिकोत दर सहा वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक ठरल्या वेळी व्हायची, आणि १९२९ साली स्थापन झालेला एकच पक्ष, पुढे ज्याचं नाव पीआरआय झालं, तो २०००पर्यंत हरलाच नाही. राज्यशास्त्रज्ञ ॲडम प्शेवोर्स्कींची कसोटी इथे उपयोगी पडते: सत्ताधारी पक्ष निवडणुकीत हरतो आणि मुकाट घरी जातो, ती लोकशाही. पण ही कसोटी डोळे मिटून लावाल तर बोट्स्वानात अडकाल. तिथे १९६६पासून एकच पक्ष जिंकत होता, तरी जाणकार त्या देशाला लोकशाहीच म्हणत. २०२४ला तो हरला आणि सत्ता सोडून गेला. म्हणून हरण्याची वाट पाहत न बसता विचारा: विरोधकांना सभा घेता येते का, त्यांची बातमी छापून येते का, न्यायालय सरकारला अडवतं का, मतमोजणी कुणाच्या हातात आहे? मेक्सिको आणि बोट्स्वाना इथे वेगळे पडतात. सर्वंकष (माणसाच्या सगळ्या आयुष्यावर ताबा ठेवणारी), हुकूमशाही, संमिश्र (थोडी लोकशाही, थोडी हुकूमशाही) ही लेबलं त्यानंतर चिकटवा. आधी चिकटवली की विचार थांबतो.

सरकारच्या रकान्यावर वेळ घालवू नका. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो येतोच.

नागरिकत्वाचा रकाना घरीच भरा. समजा, पणजोबा १९४०चे, जन्म इंदूरचा. ते होळकरांची प्रजा. २८ मे १९४८ला इंदूर, ग्वाल्हेर वगैरे संस्थानं मिळून मध्यभारत हे राज्य झालं, जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख; पणजोबांच्या डोक्यावरचं छत्र बदललं. नागरिक ते झाले २६ नोव्हेंबर १९४९ला, कारण संविधानाची नागरिकत्वाची कलमं २६ जानेवारीची वाट न पाहता त्याच दिवशी लागू झाली. (हे लिहिलंत की परीक्षक नक्की थांबून वाचतो.) आई १९८०ची: भारतात जन्मली एवढं पुरे. मोठा भाऊ २०००चा: १ जुलै १९८७नंतरचा, म्हणून आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक हवा. तुम्ही २००६चे: ३ डिसेंबर २००४पासून दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. एकाच घरात चार नियम, आणि मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ला मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश आला तरी त्या नियमांना धक्का लागला नाही, कारण भारतात नागरिकत्व एकच, प्रांताचं वेगळं नाही.

आता हाच तक्ता लाट्वियातल्या अशा आजोबांसाठी भरा, जे १९६०मध्ये रशियातून तिथे राहायला आले. १९९१ला राज्यसंस्था बदलली, राजवट बदलली, पण नागरिकत्व आपोआप मिळालं ते १९४०पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. आजोबा 'अनागरिक' ठरले: राहायला हरकत नाही, मत नाही, आणि नागरिक व्हायचं तर लाट्वियन भाषेची परीक्षा. समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी सांगितलेले नागरी, राजकीय आणि सामाजिक हक्क या आजोबांच्या नावापुढे एकेक करून मांडा, कोणता आहे, कोणता नाही. तो तक्ता झाला की पुढच्या तासाला आणा.