कॅन्सरचं ऑपरेशन आणि जेवण: या चुका टाळा

नागपुरात कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी भरती असलेल्या पेशंटच्या उशाशी काय दिसतं? नारळपाणी, संत्र्याचा ज्यूस आणि डब्यात डाळीचं पिवळं पाणी. घरचे मायेनेच आणतात. पण जखम भरायला आणि स्नायू टिकायला लागतं ते प्रोटीन त्यात नावापुरतंच असतं.

पेशंटला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६, अर्धा लिटर दुधात १६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. डाळीचं पाणी नको, घट्ट वरण द्या. खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आपल्या विदर्भात तोंडाचे कॅन्सर फार. तोंड उघडत नसेल तर वरण-भात मिक्सरमधून काढा, वर तूप घाला, बिनतिखटाचं पिठलं द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. बरेच दिवस पोटात काही गेलं नसेल तर एकदम भरपूर देऊ नका, रक्तातले क्षार धोकादायकरीत्या घसरू शकतात.

दुसरी फसगत वजनकाट्याची. ‘वजन तर तेवढंच आहे’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात, पण पायावरची सूज किंवा पोटातलं पाणी झिजलेले स्नायू झाकून टाकतं. बांगड्या सैल झाल्या का, कानशिलं खोल गेली का, खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो का, ते बघा. सहा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्के उतरलं, म्हणजे ६० चं ५७ झालं, तरी ऑपरेशनआधीच डायटिशियनला भेटा. कुपोषण जास्त असेल तर डॉक्टर ७ ते १४ दिवस आहार सुधारून मग ऑपरेशन करतात. त्यावरून त्यांच्याशी भांडू नका, हे दिवस उपचाराचेच आहेत.

टाके पिकतील म्हणून डाळ-अंडी बंद करणं तर सरळ नुकसानीचं. टाके जंतूंमुळे पिकतात. साखरेने गाठ वाढते या भीतीने भात-पोळी तोडली, की शरीर ताकदीसाठी स्वतःचेच स्नायू जाळतं. (मधुमेह असेल तर पथ्य वेगळं, ते पाळाच.)

आणि नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत. डॉक्टरांनी उठायला सांगितलं असेल तर बेडपॅन आणून देऊ नका. हाताला धरून संडासापर्यंत चालत न्या.