पावसाच्या आकड्यांवरून नाग नदीचा पूर काढताय? या चुका टाळा

सर्वांत घातक चूक म्हणजे २४ तासांच्या पावसावर नागपूरच्या नाग नदीच्या पुराचा अंदाज काढणे. लाव्याच्या टेकड्यांतून निघून अंबाझरी तलावामार्गे शहरात शिरणाऱ्या या नदीचं पाणलोट लहान आहे. पाणी काही तासांतच पुलाखाली येऊन धडकतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे साधारण चार तासांत १०० मि.मी.हून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तेवढाच पाऊस दिवसभर रिपरिपत राहिला असता तर कदाचित कुणाला जागही आली नसती, पण रोजच्या नोंदवहीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात. म्हणून स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवा आणि एक, तीन, सहा तासांचे वार्षिक कमाल आकडे वेगवेगळे काढा.

रोजचाच आकडा हाताशी असेल, तर हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो हे विसरू नका. पहाटे सुरू होऊन दहापर्यंत चाललेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो. त्यासाठी रोजच्या कमाल आकड्याला साधारण १.१३ ते १.१५ ने गुणतात. आधीच तासागणिक नोंदींवरून सलग २४ तासांचा कमाल काढला असेल, तर पुन्हा गुणू नका.

गुंबेल पद्धतीत, म्हणजे दर वर्षीच्या कमाल पावसावरून क्वचित येणाऱ्या मोठ्या पावसाचा अंदाज काढताना, नोंदींच्या वर्षांनुसार गुणांक ठरवणारा तक्ता न पाहता सूत्र मारणारे बरेच भेटतात. समजा ३० वर्षांच्या कमाल पावसाची सरासरी ११० मि.मी. आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ४० मि.मी. आहे. शंभर वर्षांसाठीचा गुणांक अमर्याद नोंदी धरून ३.१४ येतो, ३० वर्षांच्या तक्त्यातून ३.६५. सरासरीत गुणांक गुणिले विचलन मिळवलं की उत्तरं येतात अनुक्रमे २३६ आणि २५६ मि.मी. हा २० मि.मी.चा फरक नाल्याच्या रुंदीत उतरतो, तेव्हा तक्ता उघडाच.

‘शंभर वर्षांचा पाऊस’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा, असं नागरिकांना सांगू नका. दर वर्षी त्याची शक्यता १ टक्का असते. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

शिवाय शंभर वर्षांचा पाऊस आला म्हणजे पूरही शंभर वर्षांचाच येईल असं नाही. जूनमध्ये भेगाळलेली काळी जमीन बरंच पाणी पिते. सप्टेंबरात तीच जमीन तुडुंब असते, तलावही काठोकाठ. पाऊस तोच, पूर वेगळा. तलावाची त्या वेळची पातळी गणितात घेतलीच पाहिजे.

उत्तर विचित्र आलं, म्हणजे शंभर वर्षांचा आकडा नोंदलेल्या कमाल पावसापेक्षाही कमी निघाला, तर आधी एक्सेल तपासा. नोंद नसलेल्या दिवशी शून्य भरलं गेलंय का? ऐन पावसाळ्यात यंत्र बंद होतं, ते वर्ष तसंच घेतलंय का? तसं असेल तर ते वर्ष वगळा किंवा जवळच्या केंद्रावरून भरा. आकडा नुसता मोठा आहे म्हणून मात्र खोडू नका. शेजारच्या केंद्रावर त्या दिवशी काय पडलं ते आधी बघा.