रोबो आधी पाण्यावर चालतो, खरी परीक्षा नंतर

प्रयोगशाळेत द्रव मोजून भरणाऱ्या रोबोवर काम करणाऱ्या आमच्या टीममध्ये नवा प्रोग्रॅमर आला की पहिले काही दिवस मी त्याच्या हातात पिपेट (द्रव मोजून ओढायचं-सोडायचं साधन) देते. ९६ वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची, प्लेट एकेक वेल करत स्वतः भरायची. साठाव्या वेलपाशी 'आपण नक्की कुठवर आलो होतो?' असं झालं, की संशोधकांना रोबो कशासाठी हवाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

कामाची यादी करताना प्रयोगशाळेच्या प्रमुखांशी बोला, पण प्रयोग रोज हाताने करणाऱ्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय ती पक्की करू नका. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या लेखी कृतीत, 'हलक्या हाताने मिसळा' एवढंच असतं. म्हणजे किती वेळा, किती वेगाने, टिप (पिपेटचं टोक) तळापासून किती वर? रोबोला आकडेच लागतात, आणि ते त्या हातांकडे बघूनच मिळतात.

आमचं एक काम इथेच फसलं होतं. पाण्यावर चाचणी अगदी चोख. प्रत्यक्षात एन्झाइम होतं ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये. ते दाट, टिपच्या आतल्या बाजूला चिकटून राहायचं आणि वेलमध्ये कमी पडायचं. वेग उतरवला, द्रव सोडल्यावर टिप क्षणभर थांबवली, तेव्हा आकडे जुळले. इथेनॉलचं उलट. त्याची वाफ टिपमधल्या हवेत भरते आणि थेंब आपोआप गळतात, म्हणून आधी दोन-तीनदा ओढून-सोडून टिप ओली करून घ्यावी लागते. तेव्हापासून माझा नियम आहे: वेळापत्रकात प्रत्येक द्रवाची चाचणी स्वतंत्र काम म्हणून मांडायची. प्लेट तराजूवर ठेवा. १ मायक्रोलिटर पाणी साधारण १ मिलिग्रॅम भरतं. इतर द्रवांना त्यांची घनता धरा. पण वजनाने सगळ्या प्लेटची बेरीजच कळते. एखादा वेल कोरडा राहिला का, ते रंग घालून प्लेट रीडरवर (प्रत्येक वेल वेगळा मोजणाऱ्या यंत्रावर) बघा.

यंत्र मध्येच थांबलं तर काय, हा भाग सगळे शेवटावर ढकलतात. मी तो सुरुवातीलाच मागते. सातव्या रांगेत टिप अडकली, तर द्रव कुठवर पडलाय हे पडद्यावर दिसलंच पाहिजे. नाहीतर महिनोन्महिने जपलेले नमुने वाया जातात, आणि ते पुन्हा मिळतीलच असं नसतं.

काम झालं असं मी केव्हा म्हणते? प्रोग्रॅमर खोलीबाहेर असताना संशोधकाने तीनदा प्रयोग पूर्ण केला, तेव्हा. त्याने बाहेर येऊन विचारलेला प्रत्येक प्रश्न पुढच्या आठवड्याच्या यादीत जातो.