स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचे उन्हाळी छायाचित्रण

जूनमध्ये या भागात पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. त्यामुळे दुपारच्या पांढरट उजेडात वणवण करण्यापेक्षा तेव्हा झोप काढावी आणि कॅमेरा दिवसाच्या दोन टोकांना बाहेर काढावा. मल बेटावरील टोबरमोरी हे १७८८ साली मासेमारीसाठी वसवलेले गाव आहे. तेथील लाल, पिवळ्या, निळ्या घरांची रांग पूर्वेकडील बंदराकडे तोंड करून उभी असल्याने तिच्यावर सकाळचेच ऊन पडते.

लॉख म्हणजे सरोवर किंवा जमिनीत शिरलेली खाडी. लॉख ऑच्या काठावरील किलचर्न किल्ल्याचे अखंड प्रतिबिंब हवे असेल, तर वारा पूर्ण पडलेला असावा लागतो आणि नेमक्या अशाच वेळी मिज नावाच्या चिमुकल्या चावऱ्या माश्या झुंडीने येतात, म्हणून डोक्यावरची जाळी ट्रायपॉडइतकीच आवश्यक समजावी. पोलरायझर (भिंगापुढे लावायचा, चमक कमी करणारा फिरता फिल्टर) लावून ठेवला की काम झाले, असे मानू नये. तो चमक काढताना प्रतिबिंबही पुसून टाकतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत तो हळूहळू फिरवावा आणि पाण्यातला बुरूज पुन्हा गडद दिसू लागताच थांबावे. प्रतिबिंब आकाशापेक्षा काळपट असते, तेव्हा एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) आकाशावरून ठरवून सावल्या नंतर उजळाव्यात.

कासल स्टॉकर हा किल्ला खाऱ्या लॉखमधील खडकावर उभा आहे; ओहोटीला त्याच्याभोवती चिखल व शेवाळ उघडे पडते, म्हणून भरतीची वेळ आधी पाहावी.